तांबूचा ताबा

धारवाडच्या कोर्टात सुमंत हुदलीकर बावीस वर्षं मुद्देमालाची खोली सांभाळत होता. खुनातल्या कुऱ्हाडी, मारामारीतले कोयते, गळफासाचे दोर, रक्त वाळून पापडासारखे कडक झालेले सदरे, असलं सगळं त्याच्या ताब्यात यायचं. तो प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायचा, नंबर घालायचा, फळीवर लावून ठेवायचा आणि दुपारी दीड वाजता स्कूटर काढून मळमड्डीतल्या घरी जेवायला जायचा. जेवणावरची वासना कधी उडाली नाही. त्यानं लग्न केलं नव्हतं. घरी थोरली बहीण कुसुमावती होती, चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेली. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, सुमंतही.

त्या सोमवारी पोलिसांची जीप आली ती डुकरं धरायचा पिंजरा घेऊन. कलघटगीच्या वाटेवर, एका बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये दर रविवारी कुत्र्यांच्या झुंजी लावल्या जायच्या. आत प्लायवुडच्या फळ्यांचं रिंगण होतं. दोन कुत्री सोडायची आणि एक उठेनासं होईपर्यंत बघत उभं राहायचं, असा तो खेळ. पोलीस आत शिरले तेव्हा रिंगणाच्या फळ्या गुडघाभर उंचीपर्यंत लाल होत्या. तीन कुत्री जिवंत सापडली. एकाचं पोट फाटलेलं होतं, ते जीपमध्येच गेलं. दुसरं सकाळी ठाण्याच्या आवारात मेलं. उरलं ते हे.

रंगानं तांबडं, छातीनं रुंद. दोन्ही कान मुळापासून कापलेले. खालचा ओठ फाटून लोंबत होता, त्यामुळं दात कायम उघडे. गळ्यात साखळी होती, पण ती दिसत नव्हती. कातडी तिच्यावरून वाढली होती आणि मानेभोवती नुसती एक ओली, पू गळणारी खाच होती. वास व्हरांड्यापर्यंत येत होता. हुबळीतल्या एका आश्रयघरानं ते दोन तास ठेवून घेऊन परत पाठवलं होतं. तेवढ्यात त्यानं जाळीतून शेजारच्या कुत्र्याचा पाय ओढून काढला होता.

मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, निकाल लागेपर्यंत ह्याचा ताबा कोण घेतो? सरकारी वकील कागद चाळू लागले. फौजदार छताकडं बघू लागला. त्याआधी तासभर सुमंत सवयीनं सुतळी आणि चिठ्ठी घेऊन पिंजऱ्याजवळ गेला होता. गजांतून त्याचा हात आत गेला तसं कुत्र्यानं डोळे मिटले आणि मान पुढं केली. गुरगुरलं नाही, मागं सरलं नाही. पुढं काय होणार हे पुरतं ठाऊक असल्यासारखी त्यानं मान दिली. सुमंतला चिठ्ठी बांधता आली नाही. सुतळी तशीच खिशात घालून तो परत आला होता.

"मी घेतो, मॅडम," तो म्हणाला. आपला आवाज ऐकून त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

अक्कानं दारात उभं राहून पिंजऱ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "घरात नाही. परसात."

सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर स्मृती वयानं लहान होत्या, पण हात पक्का होता. त्यांनी भूल देऊन गज कापायच्या कात्रीनं साखळी तोडली, मग एकेक कडी मांसातून सोडवली. दोन तास लागले. प्रत्येक कडीखालून किडे निघाले. ही साखळी पिलाच्या गळ्यात घातलेली आहे, त्या म्हणाल्या, कुत्रं वाढलं, साखळी सैल करायचं कुणाला सुचलं नाही. सुमंतनं ती साखळी धुतली नाही. कोर्टात नेऊन तिला चिठ्ठी बांधली आणि फळीवर ठेवली.

सातव्या दिवशी कुत्र्यानं सुमंतला फोडलं.

रविवार होता. सुमंत खराटा घेऊन परस झाडत झाडत पेरूच्या झाडापाशी गेला. कुत्रं तिथं बांधलेलं होतं. खराट्याचा दांडा वर गेला आणि खाली यायच्या आत त्याचा डावा हात कोपराच्या खाली जबड्यात होता. चावणं म्हणजे त्याला वाटायचं दात लागतात आणि सुटतात. हे सुटत नव्हतं. जबडा हाडापर्यंत जाऊन बसला आणि कुत्रं मान हलवू लागलं, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि प्रत्येक हिसक्याला हातातलं काहीतरी फाटत असल्याचा आवाज सुमंतला कानांनी ऐकू आला. अक्का खलबत्त्यातला बत्ता घेऊन धावली. तिनं कुत्र्याच्या पाठीवर बत्ता घातला, दुसऱ्यांदा घातला. कुत्र्यानं डोळे मिटले, पण सोडलं नाही. तेवढ्यात सुमंत मटकन खाली बसला. खराटा हातातून पडला. कुत्र्यानं त्या पडलेल्या खराट्याकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि झाडामागं जाऊन भिंतीला चिकटून थरथरत राहिलं.

सोळा टाके पडले. करंगळी पुन्हा नीट मिटली नाही ती नाहीच. अक्कानं दवाखान्यातच सांगितलं, हे जनावर उद्या पोलिसांना परत द्यायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी घेऊन परसात गेली तेव्हा कुत्रं तिच्या हाताकडं बघत होतं. भाकरीकडं नाही, दुसऱ्या हातात काय आहे तिकडं. तिनं दुसरा हात उघडून दाखवला. रिकामा होता. तसं ते पुढं आलं.

परत द्यायची गोष्ट त्या दिवसापासून निघाली नाही. बत्ता घातल्याचं अक्काच्या मनाला लागलं होतं. शाळेत तिनं कधी छडी वापरली नव्हती, असं ती सुमंतला दोनदा सांगून गेली. मग तिनं पहिलीच्या वर्गासारखंच त्याचं सुरू केलं. सकाळी सातला भाकरी, साडेसातला औषध, आठला अंगावरून हात, आधी एक बोट, मग दोन. काठी, झाडू, छत्री, लाटणं त्याच्यासमोर न्यायचं नाही. नाव ठेवलं तांबू. तीन आठवड्यांत मानेवर गुलाबी कातडी धरली. सुमंत खुर्चीवर बसला की तांबू येऊन त्याच्या चपलेवर हनुवटी टेकायचा.

आता बाहेर न्यायला हरकत नाही, असं वाटून सुमंत एका सकाळी त्याला पट्टा लावून गल्लीत घेऊन गेला. गल्लीत चांदी नावाची एक पांढरी कुत्री होती, सगळ्यांनी मिळून पोसलेली, म्हातारी. ती लांबून शेपूट हलवत बघत होती. तांबू तिच्याकडं बघतही नव्हता. पुढच्या दारात पार्वती भाजीवाली गाडा लावून उभी होती. तिनं एका गिऱ्हाइकापुढं कोथिंबिरीची जुडी धरली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "हिडी, हिडी." म्हणजे धर, घे. रोज शंभरदा तोंडात येणारा शब्द.

पट्टा सुमंतच्या मुठीतून कातडी सोलून निघून गेला. तांबू भुंकला नाही. सरळ जाऊन त्यानं चांदीचा गळा धरला, तिला उचललं आणि रस्त्यावर आपटलं. एकदाच ती ओरडली, लहान मुलासारखी. मग नुसता हिसक्यांचा आवाज आणि तिच्या नखांचा डांबरावर खरवडल्याचा. सुमंतनं त्याला मागून कवेत धरून ओढलं, तर दोन्ही कुत्री बरोबरच ओढली गेली. कुणी पाणी ओतलं, कुणी दगड मारला, तो सुमंतच्या खांद्याला लागला. पार्वती गाडा सोडून धावत आली आणि माणसाला सांगावं तसं ओरडली, "बिडु! बिडु!" म्हणजे सोड.

तांबूनं तत्काळ सोडलं. मागं सरला आणि खाली बसला. तोंडातून लाळ आणि पांढरे केस गळत होते, आणि तो सुमंतच्या तोंडाकडं बघत होता, शाबासकीची वाट बघितल्यासारखा. चांदीचा गळा उघडा पडला होता. ती चार-पाच श्वास घेऊन थांबली.

त्या सकाळी त्यांना कळलं की त्याला दोन शब्द शिकवलेत आणि ते दोन्ही बाजारात, बसमध्ये, घराघरात दिवसभर बोलले जातात. गल्लीतली माणसं फाटकापाशी जमली. श्रीनिधी नावाचा समोरचा बँकेतला गृहस्थ, एरवी मऊ बोलणारा, म्हणाला की हुदलीकर, हे कुत्रं आठ दिवसांत गेलं नाही तर मी माझ्या हातानं विष घालीन. त्याची मुलगी चांदीला रोज दूध घालायची. सुमंतनं हात जोडून कबूल केलं की ते पुन्हा गल्लीत दिसणार नाही. चांदीला त्यानंच परसात पुरलं. तांबूला तोवर न्हाणीघरात कोंडून ठेवलं होतं.

अक्कानं त्यानंतर एक ठरवलं. तिच्या घरात गड्याशी, दूधवाल्याशी, अर्ध्या शेजाऱ्यांशी कन्नडच चालायचं. आता तांबूच्या कानावर कन्नड पडू द्यायचं नाही. त्याच्याशी फक्त मराठीत बोलायचं, ती म्हणाली, ह्या भाषेत त्याला अजून कुणी मारलेलं नाही. दूधवाला फाटकाबाहेर उभा राहून खुणांनी बोलू लागला. पट्ट्याबरोबर तोंडाला मुसकंही आलं, आणि फिरायला न्यायचं ते विद्यापीठाच्या मागच्या माळावर, पहाटे, कुणी नसताना.

इकडं झुंजीवाल्या मालकानं कोर्टात अर्ज दिला, कुत्रं माझं आहे, परत मिळावं. बड्या गाड्यांचा धंदा असलेला माणूस, स्वतः कधी आला नाही, वकील पाठवायचा. मॅजिस्ट्रेट बाईंनी साखळी मागवून घेतली. सुमंतनं ती चिठ्ठीसकट टेबलावर ठेवली. वाळलेल्या मांसाचे तुकडे अजून कड्यांत होते. बाईंनी अर्ज फेटाळला.

त्याच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी, सुमंत जेवायला घरी आला तर फाटक सताड उघडं होतं. परसातून गादी झोडपल्यासारखा आवाज येत होता. एक, थोडा वेळ, पुन्हा एक. तो बोळातून मागं गेला.

एक धिप्पाड माणूस त्याच्याकडं पाठ करून उभा होता, हातात लोखंडी गज. पेरूच्या झाडाखाली तांबू पोट टेकून सपाट पडला होता, डोळे मिटून, मान पुढं करून. तोंडातून आवाज नव्हता. आणि त्याच्या मानेवर अक्का आडवी पडली होती. तिचा उजवा हात मनगटाशी नको तिकडं वळला होता. सुमंतच्या डोळ्यांसमोर गज वर गेला आणि अक्काच्या पाठीवर उतरला.

पुढचं सुमंतला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. गज त्याच्या हातात कसा आला हे आठवत नाही. पहिला घाव त्यानं गुडघ्यावर घातला. बावीस वर्षं तो जखमांचे दाखले वाचत आला होता, माणूस कुठं मारला की खाली बसतो हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. माणूस खाली बसला. दुसरा घाव दुसऱ्या गुडघ्यावर. मग गळ्याजवळच्या हाडावर, ते ओल्या फांदीसारखं मोडलं. माणसानं डोकं झाकायला हात वर केले तर सुमंतनं बोटांवर मारलं. तो माणूस काहीतरी सांगत होता, विनवत होता. सुमंतला ऐकू येत होतं, समजतही होतं, आणि तरी हात थांबत नव्हता. उलट हात हलका झाला होता. चावलेली करंगळीसुद्धा दुखत नव्हती. आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं, असं वाटत होतं. जबडा फुटला तेव्हा दोन दात त्याच्या चपलेवर येऊन पडले. त्यानं गज दोन्ही हातांनी धरला आणि डोक्याचा नेम धरला.

"बिडु," अक्का म्हणाली. जमिनीवरूनच, श्वास पुरत नसल्यासारखी. "सुमंता, बिडु."

गज हातातून पडला.

काय झालं होतं ते अक्कानं मग पोलिसांना सांगितलं. माणसाचं नाव आनंदा. गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा आणि मालकाची कुत्री तयार करायचा. कुत्र्याच्या अंगावरच्या खुणा हाच झुंजीचा पुरावा, तेव्हा कुत्रं घेऊन ये नाहीतर संपवून ये, असं त्याला सांगून पाठवलं होतं. अक्का आडवी आली, तशी त्यानं तांबूचा दोर सोडला आणि तिच्याकडं बोट करून तोच धरायचा शब्द दिला, हिडी. तांबू उठला. अक्काकडं बघितलं, आनंदाकडं बघितलं. त्याच्या चारही पायांना कापरं भरलं आणि तो तिथंच मुतला. आनंदानं पुन्हा शब्द दिला, पुन्हा दिला. मग गज काढला.

हाताला प्लास्टर असतानाच अक्का आनंदाला बघायला हुबळीच्या दवाखान्यात गेली. सुमंतनं नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. आनंदाचा जबडा तारेनं बांधला होता, त्यातून तो कसाबसा बोलला. पिलू तीन दिवसांचं असताना आपण बाटलीनं दूध पाजून वाढवलं, तो म्हणाला. कान आपणच कापले, पत्रा कापायच्या कात्रीनं. कापत असताना ते हात चाटत होतं. एवढं सांगून तो भिंतीकडं वळला. तो पुन्हा काठीशिवाय चालू शकला नाही.

सुमंतवर गुन्हा दाखल झाला. एक दिवस आणि एक रात्र कोठडीत काढून तो जामिनावर सुटला. नोकरीतून निलंबन झालं. पहिल्या तारखेला तो स्वतःच्याच कोर्टात आरोपीच्या जागी उभा राहिला आणि नव्या कारकुनानं गज आणून टेबलावर ठेवला. चिठ्ठीची गाठ चुकीची मारली होती. मॅजिस्ट्रेट बाईंनी त्याच्याकडं न बघता सांगितलं की मारहाणीच्या आरोपीकडं मुद्देमालाचा ताबा ठेवता येत नाही, दोन महिन्यांत दुसरा योग्य माणूस शोधा, नाहीतर कोर्ट शोधेल. कोर्ट शोधेल म्हणजे काय, हे सुमंतला माहीत होतं. तसल्या कुत्र्यांना सुई देऊन मारतात.

सुमंत त्या दिवसांत जेवेनासा झाला. घाव आठवून नाही, ते घाव घालताना वाटलेलं सुख आठवून. तो अक्काला म्हणाला, तांबूला निदान कुणीतरी शिकवलं होतं, मला कुणी शिकवलं? अक्का डाव्या हातानं भात कालवत होती. घास केला आणि त्याच्या ताटात ठेवला.

तांबूसाठी माणसं आली, नाही असं नाही. मारहाणीची बातमी फोनवर फिरली होती. कलघटगीकडं आंब्याची बाग असलेला एक जण आला, त्यानं आल्या आल्या विचारलं की हे माणूस मारतं ना? त्याला चहाही न देता वाटेला लावलं. एक निवृत्त अधिकारी आले, चांगले होते, पण घरी दोन कुत्री. डॉक्टर स्मृतींनी सांगून ठेवलं होतं, ह्याला कुत्रं असलेलं घर कधीच नको. माणसावर तो विसंबेल, कुत्र्यावर नाही, ते आता त्याच्या अंगातून जाणार नाही. महिना असाच गेला.

मग एक दिवस चंद्रभागा आली. अळणावरच्या पुढं, जंगलाला लागून तिची वाडी. सहा वर्षांपूर्वी तिचा एकुलता मुलगा नागेश शेताच्या बांधावर तोडला गेला होता, चौघांनी, कोयत्यांनी, सोळा वार. खटला पाच वर्षं चालला. प्रत्येक तारखेला ती नवऱ्याबरोबर यायची आणि मुद्देमालाच्या खोलीपाशी येऊन सुमंतला म्हणायची, अण्णा, पोराचा सदरा बघू दे की. तसा नियम नव्हता. सुमंत खिडकीपाशी सदरा धरून उभा राहायचा आणि ती बाहेरून बघायची. शेवटी साक्षीदार फुटले, चौघे सुटले, वाडीत परत आले. आता अण्णांना नोकरीवरून काढलं असं तिच्या कानावर गेलं, म्हणून ती नवऱ्याला, धोंडिबाला, घेऊन भेटायला आली होती. पिशवीत वाटाणे होते.

परसात तांबू होता. चंद्रभागा त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसली आणि सोळा घाव मोजले होते तसेच तिनं त्याच्या अंगावरचे वण बघितले. तिनं सगळी हकीकत विचारली. पाणीसुद्धा न पिता ऐकली. मग म्हणाली, हे मला द्या.

धोंडिबा लगेच उठला. रक्ताची चटक लागलेलं जनावर दारात नको, असं त्याचं म्हणणं. सुमंतच्या मनात मात्र दुसरंच आलं. तिनं दोन्ही शब्द नीट विचारून घेतले होते, कोणत्या शब्दावर धरतो, कोणत्यावर सोडतो. वाडीत ते चौघे. ही आई. त्यानं अक्काकडं पाहिलं, तिच्याही मनात तेच होतं. अक्का आडपडदा ठेवणारी नव्हती.

"चंद्रभागा, खरं सांग. ह्याला त्यांच्या अंगावर घालायचाय काय?"

चंद्रभागेनं मान खाली घातली. धोंडिबा तिच्याकडं बघतच राहिला. ती म्हणाली, "पहिलं तेच आलं मनात, अक्का. खोटं कशाला बोलू."

त्यांनी दिला नाही. ती गेली. आठ दिवसांनी पुन्हा आली, एकटीच, दोन बस बदलून. तांबूपाशी बसली, दुपार काढली, गेली. पुन्हा आली. चौथ्या खेपेला तांबू आपणहून उठून तिच्या मांडीशी टेकून बसला. तिनं त्याच्या कापलेल्या कानांच्या जागी हात ठेवला आणि मग अक्काशी बोलली.

"परवा विहिरीवर त्यातला थोरला भेटला. वाकून पाणी काढत होता. माझ्या हातात विळा. मान अशी समोर." तिनं हातानं अंतर दाखवलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकटा गावला होता. मी उभी राहिले. मनात म्हटलं, ह्याला मारलं तर त्या मुक्याला घरी आणणार कोण? आले निघून. वैरण कापली."

अक्का आत गेली. सुमंत मागोमाग गेला. तिनं विचारलं, काय करायचं? सुमंत म्हणाला की मारावंसं वाटतंय हे कबूल करणारं माणूस आपल्याला आजवर हे एकच भेटलं, बाकी सगळे आपण चांगले आहोत एवढंच सांगत होते. अक्का म्हणाली, तू धरून दोन.

मुदत संपायला तीन दिवस असताना मॅजिस्ट्रेट बाईंनी चंद्रभागेच्या नावावर ताबा लिहून दिला. अट घातली, डॉक्टरांनी महिन्याला तपासायचं. एक भाड्याचा टेम्पो करून सुमंत आणि अक्का तांबूला सोडायला गेले. वाडीत माणसं दारांत उभी राहून बघत होती. धोंडिबा ओसरीवर पाठ करून बसला होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. अक्कानं चंद्रभागेला सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं, वेळा, औषधं, काठी दाखवायची नाही, मुसकं कधी. निघताना तांबू टेम्पोमागं धावला, दोर ताणून उभा राहिला. अक्कानं मागं बघितलं नाही. सगळा रस्ता ती प्लास्टर काढलेलं मनगट चोळत होती.

पहिले दोन महिने सोपे गेले नाहीत. जंगलातून एक कोल्हं अंगणात आलं, ते तांबूनं मध्यावर फाडून ठेवलं. चंद्रभागेनं ते पुरलं आणि कुंपण उंच केलं. एका सकाळी त्या चौघांतल्या धाकट्यानं कुंपणावरून दगड मारला, तांबूच्या डोळ्यावर बसला, तो डोळा गेला. चंद्रभागा दारातच होती. तांबूचा पट्टा तिच्या हातात होता. धोंडिबानं हे पुढं सुमंतला सांगितलं. तो म्हणाला, मीच आत बसून मनात म्हणत होतो, सोड, सोड एकदाचं. तिनं तांबूला उचलून आत आणलं, एवढं मोठं धूड, आणि दार लावून घेतलं. मग पोलिसांत गेली. ह्या खेपेला साक्षीला शेजारची रूपा उभी राहिली, नागेशच्या वेळी जी फिरली होती तीच.

दिवाळीनंतर सुमंत आणि अक्का बसनं वाडीला गेले. सुमंतचा खटला अजून चालू होता. शिक्षा होईल असं वकिलानं स्पष्ट सांगितलं होतं, आणि सुमंतनं गुन्हा नाकारायचा नाही असं ठरवलं होतं. चंद्रभागा शेतावर होती. ओसरीवर धोंडिबा बाजेवर पडला होता आणि बाजेखाली तांबू. अंगानं भरला होता. एका डोळ्यानं त्यानं आलेल्यांकडं पाहिलं आणि घशातून आवाज काढला. अक्का फाटकातच थांबली. तिनं त्याला हाक मारली.

तांबू उठला. सावकाश चालत आला, अक्काच्या पदराचा वास घेतला, सुमंतच्या पायांचा घेतला, शेपूट दोनदा हलली. मग तो वळला आणि परत बाजेखाली जाऊन पडला. धोंडिबानं खाली हात सोडला आणि त्याच्या पाठीवर ठेवला, बोलता बोलता, लक्ष नसल्यासारखा. भाताला यंदा पाऊस कसा पडला ते तो सांगत होता.

अक्काचा चेहरा जरा पडला. एवढं केलं आणि दोनदाच शेपूट, ती परतीच्या बसमध्ये म्हणाली. सुमंत खिडकीतून बाहेर बघत होता. अळणावरच्या स्टँडवर त्यानं दोन प्लेट मिरची भजी घेतली, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्याला दोन्ही प्लेट आपणच खाव्यात अशी भूक लागली होती.